अक्षर लागणं

एक मेच्या स्मरणिकेचं काम होतं. आतली चौसष्ट पानं मी दोनदा वाचली होती, जाहिरातींतले फोन नंबरसुद्धा आकडा-आकडा ताडून पाहिले होते. मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी आलं, संध्याकाळी सातच्या सुमाराला. त्यावर होतं तरी काय? संस्थेचं नाव, बोधचिन्ह, साल आणि मोठ्या टाइपात तीन शब्द. मी पाहिलं, कोपऱ्यात सही केली, पाठवून दिलं. चौथ्या दिवशी छापून आलेल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, तर वरच्याच प्रतीवर ठसठशीत ‘महाराष्ट्र दीन विशेषांक’. पहिली वेलांटी हवी तिथे दुसरी. दीन म्हणजे गरीब, बापुडवाणा.

मुखपृष्ठं नव्याने छापली, त्याचा खर्च मी दिला, संस्थेच्या माणसांनी फार समजूतदारपणे घेतलं. पण एक गोष्ट मला पुढे कितीतरी दिवस छळत राहिली. मी तो शब्द पाहिला होता. नजरेतून निसटला असं झालं नव्हतं. कुणी त्या संध्याकाळी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की तिथे पहिली वेलांटी आहे. मला ती दिसली होती.

मुद्रितशोधनात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. हातातून चुका सुटतात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण नसलेली वेलांटी डोळ्यांना दिसते कशी, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. तेव्हापासून वाचताना डोळा नेमकं काय करतो, हे समजून घ्यायचा नाद लागला.

आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते. पॅरिसचे नेत्रवैद्य लुई एमिल जाव्हाल यांनी १८७८-७९च्या सुमाराला वाचनाच्या क्रियेवर लिहायला घेतलं, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांतून दिसू लागलं की तसं नाही. डोळा उड्या मारतो. एका जागी थांबतो, उडी घेतो, पुन्हा थांबतो. त्यांचे सहकारी लामार यांनी तर या उड्या ऐकल्या. वाचणाऱ्याच्या पापणीवर एक बोथट टोक टेकवलं, त्याला रबरी नळ्या जोडल्या आणि त्या आपल्या कानाला लावल्या. डोळा उडी मारी तसा नळीत बारीक आवाज येई, आणि लामार ते आवाज मोजत बसत. पुढे अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी याहून धाडसाचं काही केलं. प्लास्टर ऑफ पॅरिसची, मध्ये भोक असलेली इवलीशी वाटी त्यांनी बधिर केलेल्या डोळ्याच्या बुबुळावर बसवली. तिला हलका अॅल्युमिनियमचा काटा जोडला, आणि डोळा हलेल तसा तो काटा काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढत गेला. वाचणाऱ्या डोळ्याने स्वतःच काढलेली ती रेघ पायऱ्यापायऱ्यांची होती. हे वाचलं तेव्हा मी माझ्या डोळ्यांवर दोन्ही तळवे ठेवून थोडा वेळ गप्प बसले.

आता हे सगळं कॅमेऱ्याने मोजतात. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा. उडी सुमारे तीस मिलिसेकंदांची, इंग्रजी मजकुरात सात ते नऊ अक्षरांची. आणि उडी चालू असताना मजकूर दिसत नाही. मेंदू त्या वेळेपुरतं पाहणं जवळजवळ बंद ठेवतो. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभं राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात पाहा, मग उजव्या, मग परत डाव्या. स्वतःचा डोळा हललेला तुम्हाला दिसणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र स्वच्छ दिसेल. रेमंड डॉज यांनी १९०० साली हे नोंदवून ठेवलंय. मी हिशोब करून पाहिला. तासभर वाचलं तर त्यातली सहा-एक मिनिटं डोळा हवेत असतो. अठ्ठावीस वर्षांतली अशी किती मिनिटं झाली, ते मी मोजायला गेले नाही.

थांब्यावरसुद्धा फार दिसतं असं नाही. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. जेमतेम तेवढ्या जागेतलं बारीक, धारदार दिसतं. बाकी सगळं अंदाजाने, कडेकडेने. १९७५ साली जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी असा पडदा तयार केला की वाचणाऱ्याची नजर जिथे असेल तिथलीच अक्षरं खरी, बाकी सगळीकडे निरर्थक अक्षरांची फुलीफुली. नजर सरकली की खिडकीही सरके. खिडकी पुरेशी रुंद असेल तर वाचनाच्या वेगात काही फरक पडत नसे. इंग्रजी वाचणाऱ्याला ही खिडकी डावीकडे तीन-चार अक्षरं आणि उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरं लागते. म्हणजे आपण जिथे थांबलोय त्याच्या पुढचं थोडंसं आधीच चाहूल दिल्यासारखं आत येत असतं. पुढे इस्रायलमधल्या, हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्या माणसांवर प्रयोग झाला, तेव्हा हिब्रू वाचताना हीच खिडकी डावीकडे झुकली, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. त्याच माणसापुढे इंग्रजी ठेवलं की ती पुन्हा उजवीकडे.

आणि प्रत्येक शब्दावर डोळा थांबत नाही. एसटीच्या रस्त्याला विनंती थांबे असतात ना, कुणी उभं नसलं तर गाडी तशीच पुढे जाते? ‘व’, ‘तर’, ‘हे’, ‘जे’ असले शब्द बहुतेक वेळा विनंती थांबेच. पुढे काय येणार याचा अंदाज जितका पक्का, तितका थांबा कमी. अपेक्षित शब्द डोळा जास्त वेळा ओलांडून जातो, आणि त्या शब्दातलं एखादं अक्षर मुद्दाम बदललं तर ते पुष्कळदा लक्षातच येत नाही, असं १९८१च्या एका प्रयोगात दिसलं. एक मे, महाराष्ट्र, मग दुसरं काय येणार?

माझ्या चुकीचं आणखी एक मूळ आहे, आणि ते अस्सल मराठी आहे. आपला नियम असा की अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ: गरीब, वकील, फूल, सून. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद. म्हणून विष ऱ्हस्व, गुण ऱ्हस्व, आणि दिनही ऱ्हस्वच. आता उच्चार करून पाहा. मराठी जीभ दिवसाचा ‘दिन’ही लांबच म्हणते. ऑपरेटरच्या बोटांनी जे कानावर येतं ते टाइप केलं. मीही तो शब्द डोळ्याने पाहिला आणि कानाने तपासला. गाय व्हॅन ऑर्डेन यांचा १९८७चा एक प्रयोग आहे: ‘हे फूल आहे का?’ असं विचारून पडद्यावर इंग्रजीतला ‘रोज’, म्हणजे गुलाब, न दाखवता तसाच उच्चार असलेला दुसराच शब्द दाखवायचा, ज्याचा अर्थ रांगा. नुसत्या दिसायला सारख्या शब्दांपेक्षा अशा सारख्या उच्चाराच्या शब्दांना माणसं कितीतरी जास्त फसली. मनातल्या मनात वाचतानाही शब्द आतून ऐकू येतो, आणि तो आवाज डोळ्याच्या आधी हो म्हणून बसतो.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते खिळ्यांच्या छपाईपासूनचे जुने मुद्रितशोधक होते. त्यांचं एकच सांगणं असे: “वाचू नकोस. बघ.” पेन्सिलीचं टोक अक्षराखाली, खालच्या ओळीवर पोस्टकार्ड आडवं धरलेलं, आणि शेजारी कुणीतरी मूळ प्रत मोठ्याने वाचतंय, तेही स्वल्पविराम, पूर्णविराम, काना, मात्रा सकट. अवघड पान असलं तर ते शेवटच्या ओळीपासून वर येत. मजकुरात रस वाटायला लागला की ते पान बाजूला ठेवून चहाला जात. तेव्हा मला तो विक्षिप्तपणा वाटे. आता कळतं की अंदाज बांधणाऱ्या मेंदूला ते जाणूनबुजून उपाशी ठेवत होते. ओळी उलट्या क्रमाने घेतल्या की पुढचा शब्द ओळखता येत नाही, मग डोळ्याला प्रत्येक थांब्यावर उतरावंच लागतं.

मोबाइलवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं तर मधली अक्षरं कशीही फिरवा, वाचता येतं, असं एका विद्यापीठाने सिद्ध केलंय म्हणे. ‘वानचालय’ लिहिलं तरी तुम्ही वाचनालयच वाचलं असतं, हे खरं. पण फुकट नव्हे. रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मोजलं तेव्हा आतली अक्षरं फिरवल्यावर वाचनाचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी उतरला आणि शब्दाच्या सुरुवातीची फिरवल्यावर ३६ टक्क्यांनी. अंदाजालाही मेहनत पडते, ती आपल्याला जाणवत नाही इतकंच.

आपल्या लिपीवर असं काम त्या मानाने कमी झालंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण देवनागरीत मौजा फार आहेत. इंग्रजी अक्षरं एका रांगेत उभी राहतात. आपली अक्षरं रेघेला लटकतात आणि त्यांच्या चहूबाजूंना खुणा असतात: डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, पायाशी उकार, पाठीशी काना. आणि पहिली वेलांटी तर उच्चाराच्या आधी येऊन बसते. ‘किरण’ मधला ‘क’ आधी उच्चारायचा, पण डोळ्याला आधी भेटते वेलांटी. जुन्या मराठी टाइपरायटरवर ती व्यंजनाच्या आधी दाबायची, आताच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर नंतर. हिंदी वाचकांवर ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की जिथे दिसण्याचा आणि उच्चाराचा क्रम असा उलटा असतो ते शब्द वाचायला जरा जास्त वेळ लागतो. अगदी थोडा, पण लागतो. पहिलीतली मुलं ‘किरण’ वाचताना तिथे अडखळतात तेव्हा त्यांच्यावर डाफरू नये.

मराठीत विभक्तीसुद्धा शब्दाला चिकटून येते, हिंदीसारखी सुटी उभी राहत नाही. ‘मुलाना’ की ‘मुलांना’ हे एका टिंबावर ठरतं, आणि ते टिंब नेमकं अशा जागी असतं जिथे डोळा पोचेपर्यंत मन पुढच्या शब्दावर गेलेलं असतं. माझ्या कामातली निम्मी लाल शाई या टिंबांवर खर्च होते. उलट जुनी पुस्तकं उघडली की तिथे ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’. १९६२च्या नियमांनी ते अनुच्चारित अनुस्वार गेले. माझ्या आईच्या पिढीला ते दिसले नाहीत तर चुकल्यासारखं वाटे, मला दिसले तर वाटतं. टिंबं तीच, पण सवय होते ती डोळ्याला.

मराठीत यासाठी एक फार नेमका शब्दप्रयोग आहे. ‘मला त्यांचं अक्षर लागतं.’ ‘डॉक्टरांचं अक्षर मेडिकलवाल्यालाच लागतं.’ वाचता येणं आणि लागणं यात फरक आहे. कुलपाला किल्ली लागते, कोड्याचं उत्तर लागतं, तसं अक्षर लागतं. आधी आत काहीतरी असावं लागतं, त्याला बाहेरचं जुळावं लागतं.

हे मला खऱ्या अर्थाने मोडी शिकताना कळलं. पन्नाशीनंतर मी पुण्यात मोडीच्या वर्गाला जाऊ लागले. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायचं. शब्द सुटे नाहीत. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, इकार एकच, उकार एकच. म्हणजे ज्या वेलांटीपायी मी मुखपृष्ठं बदलून दिली तिचा तिथे प्रश्नच नव्हता! इतकी वर्षं वाचण्यावर पोट भरलेली मी त्या कागदापुढे पहिलीतल्या मुलीसारखी बसले. प्रत्येक अक्षरावर थांबा. तीन अक्षरं लागली की मागे वळून पाहायचं, यांचा शब्द होतो का, की शेवटचं अक्षर पुढच्या शब्दाचं आहे? एका ओळीला अर्धा तास लागे. शिकवणारे म्हणायचे, अक्षर-अक्षर लावत बसू नका, आधी पत्र कसं असतं ते पाठ करा. ‘विनंती विशेष’, ‘जाणिजे’, ‘मोर्तब सुद’. खरंच, मायना आणि शेवट तोंडात बसल्यावर एक दिवस ‘राजश्रिया विराजित’ एका नजरेत उमटलं. अक्षरं मी वाचलीच नाहीत, तो शब्दच समोर आला. आनंदाने मी शेजारच्या बाईंचा हात धरला.

दोन्ही गोष्टी मला हव्या आहेत. पोटासाठी शब्द फोडून पाहायचा आणि जगण्यासाठी तो अखंड भेटू द्यायचा.

अखंड शब्द कसा भेटतो ते मी लहानपणी पाहिलंय. आमचं गाव खटाव तालुक्यातलं. चातुर्मासात आई रोज दिवेलागणीला पोथी वाचायची, मोठ्याने, चालीवर. लाईट जाणं नित्याचं. दिवा गेला की घर गपकन काळं होई, पण आईचा आवाज लगेच थांबत नसे. अंधारात आणखी दोन-तीन शब्द येत, अगदी बिनचूक, आणि मग ती थांबे. “कंदील आण गं.” मला वाटायचं तिला पोथी पाठ आहे. एकदा विचारलं तर म्हणाली, “पाठ कुठली. दिवा जायच्या आधी पुढचं दिसून गेलेलं असतं.”

मोठ्याने वाचताना डोळा आवाजाच्या पुढे असतो, साधारण दोनेक शब्द, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. ते मोजायची एक रीत म्हणजे माणूस वाचत असताना अचानक दिवा घालवायचा आणि त्यानंतर तो किती शब्द बरोबर म्हणतो ते पाहायचं. आमच्याकडे हा प्रयोग वीज मंडळ करत होतं. चांगला वाचणारा तर वाक्यखंडाच्या किंवा चरणाच्या शेवटापर्यंत जाऊन थांबतो. आईही तशीच थांबायची, चरण पुरा करून.

ज्या जाव्हालांनी वाचणाऱ्या डोळ्याचा इतका विचार केला त्यांचीच दृष्टी काचबिंदूने गेली. शेवटची काही वर्षं ते पूर्ण अंध होते, आणि त्या काळात त्यांनी नव्याने अंध झालेल्यांसाठी पुस्तक लिहिलं. आईचं निदान झालं त्या दिवशी मला ते आठवले. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग गेलाय. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. कडेचं दिसतं, मधोमध धुकं. ती घरात फिरते, दारातला माणूस चालीवरून ओळखते, तांदूळ निवडायला मात्र बसत नाही. माझ्याशी बोलताना मान किंचित तिरकी करते, म्हणजे मी धुक्याबाहेर येते. वाचता येत नाही. कडेच्या नजरेत अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात, टाइप कितीही मोठा केला तरी नीट सुटी होत नाहीत. पोथी फडक्यात बांधून ठेवलीय.

गेल्या दिवाळीत माळ्यावरच्या ट्रंकेत अण्णांची पोस्टकार्डं सापडली. अण्णा सोसायटीत लिहायला होते, दिवसभर खतावण्या लिहून घरी अक्षर असं काढायचे की आईशिवाय कुणाला लागायचं नाही. भाऊ पोटात असताना आई माहेरी होती, तेव्हाची ही पत्रं. तिने पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, “वाच.”

मी भिंग घेतलं, पेन्सिल घेतली. पहिलं पोस्टकार्ड. मायना लागला. ‘इकडील सर्व ठीक, तिकडील कळवणे’ हेही लागलं. मग मी वाचलं, “पाऊस बरा पडला.”

“जरा,” आई म्हणाली.

“बरा लिहिलंय गं.”

“जरा पडला. बहात्तर साल ते. बरा कुठला पडायला?”

मी भिंग खाली नेलं. ब नव्हता. डावीकडची वाटी उघडी होती, तिचा शेपूट फिक्या शाईत वर गेलेला. ज होता. मी पुढचा शब्द लावायला लागले तोवर आईचा आवाज सुरू झाला होता. “विहिरीतला गाळ काढला. तळाला ओल आहे. बैल अजून विकले नाहीत, कडब्याचं बघतो.” मी भिंग एकेका शब्दावरून नेत होते आणि तो शब्द तिथे मिळत होता. आवाज पुढे, डोळा मागे. ती भिंतीकडे पाहत होती. ‘तब्येतीस जपणे’ पर्यंत येऊन थांबली.

“आता बाजूला बघ,” म्हणाली. “कडेला आडवं काहीतरी लिहिलंय. जागा संपल्यावर लिहायचे ते तसं. ते मला तेव्हाही लागलं नव्हतं. विचारायचं राहून गेलं.”

मी पोस्टकार्ड आडवं केलं. चारच शब्द होते, पोस्टाच्या शिक्क्याखाली अर्धे गेलेले. पहिलं अक्षर म असावं, किंवा भ.